हरवलेली एक लाख बेचाळीस हजार झाडं

१

गुरुवारी दुपारी बारा वाजता वृक्षगणना कक्षातली एक लाख बेचाळीस हजार बहात्तर झाडं बेपत्ता असल्याचं उघडकीस आलं. झाडं रस्त्यावर जागच्या जागी आहेत का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. ती संगणकावर नव्हती, आणि कक्षाच्या मते झाडाने उभं राहण्याची खरी जागा तीच.

कक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. चार टेबलं, एक संगणक, प्लायवूडचा एक आडोसा ज्याला केबिन म्हणायची पद्धत होती, आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं एक झाड, ज्यावरची धूळ तेवढी अस्सल होती. शहरातलं प्रत्येक झाड मोजायचं, त्याची जात, घेर आणि उंची लिहायची, एवढ्या कामासाठी हा कक्ष सहा वर्षांपूर्वी जन्माला आला. दाराबाहेर एक फलक होता: ‘गणना पूर्ण. एकूण वृक्ष १,४२,०७२.’ शेवटचे बहात्तर इतके प्रामाणिक दिसत की वाचणाऱ्याला आधीच्या आकड्याबद्दल शंकाच येत नसे.

आज चार वाजता तपासणी समिती यायची होती, तसं तिचं पत्र सोमवारीच येऊन भिंतीवर लागलं होतं, आणि बळी म्हणून डिस्कवालीला फोन करून बोलावून घेतलं होतं.

डिस्कवाली म्हणजे एकोणीस वर्षं शहरातल्या कार्यालयांचे संगणक दुरुस्त करणारी बाई. पन्नाशीला टेकलेली, चष्मा केसांत खोचलेला, खांद्याला अवजारांची पिशवी. मंगळवारी तिनेच इथली कुरकुरणारी हार्ड डिस्क काढून, सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून, संगणक चालू करून दिला होता. कक्षप्रमुखांनी ‘काम समाधानकारक’ म्हणून सहीही केली होती. तेच कक्षप्रमुख, ज्यांना सगळे नुसतंच साहेब म्हणत, आता एक पत्र मोठ्याने वाचत होते. स्वतःची पत्रं ते नेहमी मोठ्याने वाचत. दुसरं कुणी वाचत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

“सदर दुरुस्तीकाराच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे सहा वर्षांचं राष्ट्रीय महत्त्वाचं कार्य नष्ट झालं असून, सर्व कार्यालयांनी त्यांची सेवा तात्काळ बंद करावी. प्रत माहितीसाठी, सर्व कार्यालयं.” साहेबांनी चष्मा काढला. “चार वाजता समितीसमोर सही करणार. काही म्हणायचंय, बाई?”

डिस्कवालीचं सगळं काम कार्यालयांचंच. हे पत्र फिरलं की एकोणीस वर्षांचं नाव संध्याकाळपर्यंत संपलं.

“जुनी डिस्क द्या,” ती म्हणाली. “तिच्यावर झाडं असली तर चूक माझी. दोन मिनिटांत कळेल.”

साहेबांनी खण उघडला आणि डिस्क टेबलावर ठेवली. तिला आरपार तीन भोकं पाडलेली होती.

२

“गोपनीयता,” साहेब म्हणाले. “मंगळवारी तुम्ही गेलात आणि आम्ही लगेच ड्रिल मागवलं. रीतसर अर्ज करून.”

अर्जावर तीन सह्या होत्या: साहेबांची, आकडेतज्ज्ञांची आणि वनस्पतीतज्ज्ञांची. या तिघांचं सहा वर्षांत कशावरही एकमत झालं नव्हतं. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर दोन लेखी तक्रारी आणि एक खुलासा फाइलला लागलेला होता. भोकांवर मात्र एकमत झालं होतं. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या जागी एकेक पाडून घेतलं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेली चौथी व्यक्ती म्हणजे साहेबांची मेहुणी. नोंदी टंकायला तिला लावून घेतलं होतं. ती नात्याने आली म्हणून तिला काही येत नाही, असं बाकीच्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्यांचा दिवस सुखात जात होता.

“भाऊजी, मी काही...” ती म्हणाली.

“ऑफिसात भाऊजी म्हणू नकोस. आणि मध्ये बोलू नकोस.”

डिस्कवालीने एकेकाला गाठायचं ठरवलं. आधी आकडेतज्ज्ञ. याला सगळे सरासरी म्हणत, कारण त्याने आयुष्यात एकही ठाम आकडा उच्चारला नव्हता.

“यात फार मोठे हात आहेत, मॅडम,” तो खुर्ची पुढे ओढून कुजबुजला. “रस्ता रुंदी, बिल्डर, वरपर्यंत साखळी. तुम्ही-आम्ही प्यादी.”

“असेल. मी गेलेलं काही मिळतं का, ते शोधून बघणार आहे. तुमच्या आकडेवारीपासून सुरू करू?”

“छे छे!” सरासरी एकदम ताठ बसला. “आकड्यांचं काय एवढं? ते पुन्हा काढता येतात. तुम्ही त्या प्रजातींच्या यादीचं बघा. ती गेली तर शास्त्राचं नुकसान आहे.”

प्रजातींची यादी वनस्पतीतज्ज्ञांची. कडुनिंबालाही परकं नाव घेऊन हाक मारायची त्यांची सवय असल्यामुळे त्यांना लॅटिन म्हणत. ते पेपरातलं कोडं सोडवत होते.

“काल तुमच्यामुळे घरी पोचायला उशीर झाला मला,” त्यांनी वर न बघताच सुनावलं.

“माझ्यामुळे? काल तर मी आलेही नव्हते, काका.”

“ते जाऊ दे. काय हवंय?”

“तुमची यादी परत मिळाली तर...”

“माझी यादी माझ्या डोक्यात आहे. एवढी वर्षं काय गवत उपटलं का आम्ही? तुम्ही साहेबांचा अंतिम अहवाल मिळवा. बिचारे रात्रंदिवस खपले त्यावर.”

बिचारे साहेब केबिनमध्ये टाय नीट करत होते.

“अहवालाचं राहू द्या हो,” ते उदारपणे म्हणाले. “अहवाल म्हणजे शेवटी भाषा. मी पुन्हा लिहीन. आकडेवारी मिळते का तेवढं पाहा. तो गरीब खचलाय पार.”

खचलेला सरासरी बाहेर कुणाला तरी फोनवर संध्याकाळी बॅडमिंटनला येतो म्हणून सांगत होता.

डिस्कवाली संगणकापाशी जाऊन बसली. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता, ठळक अक्षरांत, म्हणजे गोपनीयता सगळ्यांना वाचता यावी. तिने आपलं शोधायचं साधन चालवलं. वीस मिनिटांनी पडद्यावर जे उमटलं, ते पाहून तिला हसू आलं. त्यापुढची ओळ वाचली, आणि हसू जागच्या जागी थिजलं.

३

“मिळालं,” ती म्हणाली.

कोडं, टाय आणि बॅडमिंटन तिन्ही एका क्षणात थांबले. एवढी आनंदाची बातमी ऐकून इतके पांढरे पडलेले चेहरे तिने पूर्वी पाहिले नव्हते.

“मिळालं म्हणजे?” साहेब.

“म्हणजे माझी चूक नाही. समजावून सांगते. जुन्या पद्धतीची डिस्क आळशी असते. फाइल पुसा म्हटलं की ती फक्त दारावरची पाटी काढते. आतलं सामान तसंच पडून राहतं. नवी डिस्क कामसू. पाटी निघाली की खोली लगेच धुऊन मोकळी. मंगळवारी मी एकेक फाइल वेचून नेली नव्हती, अख्खी इमारत उचलून नव्या जागी ठेवली होती, रिकाम्या खोल्यांसकट. आता ज्या खोल्यांना पाट्या नाहीत, त्यांत तुमचं सामान सापडलंय. नव्या डिस्कवर कुणी पुसलं असतं, तर सामान उरलंच नसतं. म्हणजे हे जुन्या डिस्कवर असतानाच पुसलं गेलं. तेही एकदम नाही. प्रजाती, आकडेवारी आणि अंतिम अहवाल, तीन फोल्डर, तीन वेगवेगळ्या वेळी कचऱ्याच्या डब्यात टाकले. डबा रिकामा केला तरी टाकल्याची वेळ मागे राहते.”

“कोणती वेळ?” सरासरीने विचारलं.

हीच ती ओळ. लपवून उपयोग नव्हता. पडदा सगळ्यांसमोर होता. मंगळवार. दहा वीस. दहा अठ्ठावीस. दहा पस्तीस.

साहेबांनी शांतपणे फाटकावरची नोंदवही मागवली. मंगळवारी डिस्कवालीच्या नावापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: आगमन, दहा पंधरा.

“म्हणजे, मॅडम,” साहेब एकेक शब्द चघळत म्हणाले, “दहा पंधराला तुम्ही आलात. आल्या आल्या जुनी डिस्क काढून स्वतःच्या यंत्राला लावलीत, हे आम्ही चौघांनी पाहिलंय. आणि दहा वीसपासून फाइली पुसल्या जाऊ लागल्या. आता ‘हलगर्जीपणा’ खोडून ‘घातपात’ लिहावं लागेल.”

“वाटलंच होतं मला,” लॅटिन म्हणाले. “हिचे हात मोठे दिसतात.”

डिस्कवालीने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. संगणक खोटं बोलत नाही, असं ती एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांना बजावत आली होती.

घड्याळात सव्वादोन झाले होते.

४

“पण घड्याळ पुढे होतं ना, भाऊजी,” कोपऱ्यातून आवाज आला.

“तुला सांगितलं ना, मध्ये...”

“थांबा साहेब. कुठलं घड्याळ?” डिस्कवाली वळली.

मेहुणी उठून उभी राहिली. “संगणकातलं. भाऊजींनी... साहेबांनी पहिल्याच वर्षी ते चाळीस मिनिटं पुढे करून ठेवलं, लोकांनी वेळेवर यावं म्हणून. मग काय, सगळे येताना हातातलं घड्याळ बघायचे आणि जाताना संगणकातलं. साडेपाच वाजले म्हणत पाच वाजायच्या आत घरी. मंगळवारी तुम्ही ते बरोबर करून ठेवलंत, आणि काल सगळ्यांना खऱ्या साडेपाचपर्यंत बसावं लागलं. काय चिडले होते तुमच्यावर!”

डिस्कवालीला आठवलं. नवी डिस्क चालू झाली तेव्हा वेळ चुकीची दिसली होती. आतला सेल उतरला असेल म्हणून तिने ती बरोबर केली, पडद्यावरची धूळ पुसावी तितक्या सहज, आणि विसरून गेली. घड्याळ डिस्कवर नसतंच. ते यंत्रात असतं. मंगळवारी सकाळचे शिक्के त्याच पुढे पळणाऱ्या घड्याळाचे होते. तिच्या यंत्रावर पुसलं असतं तर वेळ तिच्या यंत्राची पडली असती, आणि तिच्या यंत्राला घरी लवकर जायची घाई नव्हती.

तिने चाळीस मिनिटं वजा केली. नऊ चाळीस. नऊ अठ्ठेचाळीस. नऊ पंचावन्न. तेव्हा ती बसची वाट बघत उभी होती.

घड्याळ पुढे आहे हे तिघांनाही माहीत होतं. ते रोज त्याच घड्याळावर घरी जात. तरी मघाशी तिघेही मूग गिळून बसले होते.

“मंगळवारी लवकर कोण आलं होतं?” तिने मेहुणीला विचारलं.

“साडेनऊला मी कुलूप उघडलं. लगेच हे लॅटिन काका आले. मी म्हटलं, घरी भांडण झालं की काय! त्यांनी मला खाली चहा आणायला पाठवलं. चहा घेऊन येते तर सरासरी आलेले. त्यांना काकांचा चहा चालेना, वेगळा हवा. पुन्हा खाली. वर आले तर भाऊजी उभे, म्हणे मला आल्याचा. तीन मजले, तीन खेपा. सहा वर्षांत कुणी मला चहा घेतेस का म्हणून विचारलं नाही, आणि त्या दिवशी तिघांनाही एकदम तहान लागली.”

“तू गप्प बसतेस की घरी फोन करू?” साहेब ओरडले.

“करा. ताईच उचलेल. तिलाही सांगते.”

साहेबांनी फोन खाली ठेवला.

“एक सांग,” डिस्कवाली म्हणाली. “या तीन फोल्डरांच्या शेजारी ‘मोजणी’ नावाचा चौथा आहे. तो कुणी पुसलेला नाही. तो कुणाचा?”

“माझा. पहिल्या महिन्यात एक रस्ता मोजला होता मी, टेप घेऊन. एकशे अठरा झाडं. मग साहेब म्हणाले, पुरे आता, उन्हात काळी पडशील.”

डिस्कवालीने फोनवर एक भागाकार केला. मग खुर्ची फिरवून तिघांकडे तोंड केलं.

५

“सरासरी म्हणाला यात मोठे हात आहेत,” ती म्हणाली. “मीही मघापासून तेच शोधत होते. बिल्डर, रस्ता, साखळी. पण कटकारस्थान करायलाही उठून चार पावलं चालावं लागतं, आणि तुमच्यातला एकही माणूस या खोलीबाहेर गेलेला नाही.”

“पुराव्याचं बोला,” लॅटिन गुरगुरले.

“बोलते. ज्याची वस्तू जाते, तो आधी स्वतःची वस्तू मागतो. मी तिघांना विचारलं, काय शोधू? आकडेवाला म्हणाला, यादी शोधा. यादीवाले म्हणाले, अहवाल शोधा. अहवालवाले म्हणाले, आकडे शोधा. स्वतःची फाइल परत आणा असं एकानेही म्हटलं नाही. तीन फाइली, तीन वेळा, तीन चहा. प्रत्येकाने आपापली पुसली. काका पहिले, सरासरी दुसरा, साहेब शेवटी. सोमवारी समितीचं पत्र आलं, मंगळवारी डिस्क बदलायची ठरलेली होती, आणि तिघांनाही एकच बेत सुचला. एकमेकांना न सांगता.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पकडलं गेल्याच्या शरमेपेक्षा त्या नजरांत दुसरंच काही होतं: अरे, तूसुद्धा?

“मूर्खासारखं बोलू नका,” साहेब म्हणाले. “स्वतःचं काम कोण पुसेल?”

“काम असतं तर नसतं पुसलं.” तिने सापडलेली आकडेवारी उघडली. “बाहेरच्या फलकावरच्या आकड्याला एकशे अठराने भाग द्या. बरोबर एक हजार दोनशे चार येतात, बाकी शून्य. शहरात रस्ते किती आहेत?”

“एक हजार दोनशे चार,” मेहुणी म्हणाली.

“तिचा एक रस्ता बाराशे चार वेळा चिकटवलाय. वाचायचेही कष्ट न घेता. हिने सातव्या झाडापुढे लिहिलं होतं, ‘फांदीला झोका, दोर हिरवा.’ तेव्हा या शहरात बाराशे चार हिरव्या दोरांचे झोके आहेत. काकांनी प्रत्येक झोक्याच्या झाडाला तेवढं लॅटिन नाव दिलंय, तेही दोन ठिकाणी वेगवेगळं. माझं दुकान ज्या गल्लीत आहे, तिथे कुंडीसुद्धा नाही. तिथेही एकशे अठरा झाडं आहेत, सगळी निरोगी. आणि साहेबांच्या अहवालात या निरोगीपणाबद्दल चार पानं आहेत.”

“तो सरासरीचा मान्य नियम आहे,” सरासरी क्षीण आवाजात म्हणाला.

“भिंतीवरच्या पत्राप्रमाणे समिती आज यादीतली कुठलीही दहा झाडं निवडून त्यांना हात लावून बघणार होती. भिंतीला हात लावावा लागला असता.”

डिस्कवालीला वाटलं, संपलं. तिला ही माणसं अजून पुरती कळली नव्हती.

साहेब हसले. अगदी मनापासून.

६

“छान,” साहेब म्हणाले. “पण ही पाटी, खोली, डबा, पुढचं घड्याळ, हे सगळं समितीला कोण समजावणार? तुम्ही? समितीत पाच जण आहेत. पाचही जण ईमेल छापून वाचतात. त्यांना कागद लागतो, आणि कागद आमच्याकडे आहे.” त्यांनी पत्र उचलून दाखवलं. “तीन अधिकाऱ्यांचं म्हणणं एकीकडे, आणि एक दुरुस्तीवाली आणि माझी मेहुणी दुसरीकडे. काय वाटतं?”

डिस्कवालीला काय वाटायचं ते तिला पुरतं ठाऊक होतं. ते खरं बोलत होते. सबंध दिवसात पहिल्यांदाच. या इमारतीत घडलेल्या गोष्टीपेक्षा लिहिलेली गोष्ट नेहमीच जास्त घडलेली असे. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने पिशवी आवरायला घेतली.

ती दारापर्यंत पोचली तेव्हा साहेबांचा सूर अचानक मऊ झाला. “अहो, ताई...”

दुपारभरात बाईची मॅडम आणि मॅडमची ताई झाली होती. ती थांबली.

“ते जे सामान म्हणालात, बिनपाटीच्या खोल्यांतलं. ते अजून आहेच ना तिथे?”

“आहे की.”

“समितीत कुणी तरुण असला, त्याने उघडलं तर?”

“तर झोके दिसतील.”

“कायमचं पुसता येतं?” तिघांनी एकदम विचारलं. हे त्यांचं दुसरं एकमत.

डिस्कवालीने चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला. तिघांचे चेहरे तिने नीट पाहून घेतले.

“येतं. दहा मिनिटांचं काम आहे. पण तोंडी सांगून मी काही पुसत नाही. उद्या कुणी म्हणेल, हिनेच घातपात केला. अर्ज लागेल.”

“अर्ज ना? अर्जाचं काय!” साहेबांना घरी आल्यासारखं वाटलं. भोकांसाठीही त्यांनी अर्जच दिला होता.

“प्रत्येकाने आपापला द्या. फोल्डरचं नाव, ते मुळात कुणी तयार केलं, पहिल्यांदा कुणी पुसलं, तारीख, वेळ. खरी वेळ हं, चाळीस मिनिटं वजा करून. चुकलात तर भलतीच खोली धुतली जाईल. आणि उरलेलं का नको आहे, त्याचं कारण.”

“कारणात काय लिहू?” लॅटिन पेन शोधत म्हणाले.

“साहेबांना विचारा. मी तर अख्खी इमारत उचलणारी, खोल्यांत न डोकावणारी बाई.”

साहेबांना कार्यालयीन भाषा तोंडपाठ होती. ते सांगत गेले आणि तिघेही लिहीत गेले: ‘सदर नोंदी प्रत्यक्ष मोजणीवर आधारित नसल्याने त्या समितीच्या निदर्शनास येऊ नयेत, या उद्देशाने मी स्वहस्ते नष्ट केल्या असून, त्यांचे अवशेषही नष्ट करण्यात यावेत, ही विनंती.’ सरासरीने ‘स्वहस्ते’ शब्दाखाली रेघ ओढली. वाक्य चांगलं झालं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

मेहुणी तोंडाला रुमाल लावून खिडकीबाहेर बघत होती.

“किती प्रती?” सरासरीने विचारलं.

“चार. एक तुमची, एक कक्षाची, एक माझ्याकडे पोच म्हणून.”

“आणि चौथी?”

खाली फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. दारं उघडली, मिटली.

“चौथी तपासणी समितीला, माहितीसाठी,” डिस्कवाली म्हणाली.

सरासरीने प्रत्येक अर्जाच्या तळाशी तसं लिहिलं, आणि साहेबांनी सहा वर्षांच्या सवयीने मान डोलावत चौथ्या प्रतीवरही गोल शिक्का मारला.